पश्चिमेच्या काचेला रोलर ब्लाइंड: कापड, माप, बसवणी

ब्लाइंड पूर्ण खाली आणि डोक्यावर दिवे चालू, हे दृश्य पुण्यातल्या कुठल्याही काचेच्या ऑफिसात दिसतं. ऊन खरं तर काचेबाहेरच अडवावं, छज्ज्यानं किंवा लूव्हरनं, म्हणजे तिरक्या पट्ट्यांच्या झडपेनं. पण भाड्याच्या जागेत बाहेर हात लावता येत नाही, म्हणून आतला रोलर ब्लाइंड, म्हणजे वरच्या नळीवर गुंडाळला जाणारा कापडी पडदा.

आधी कापड. गडद कापड ऊन शोषून तापतं आणि ती उष्णता काचेतून सहज बाहेर पडत नाही. एसीच्या माथी येते. म्हणून काचेकडची बाजू पांढरी किंवा अ‍ॅल्युमिनियमचा थर दिलेली हवी, ऊन आल्या पावली परत पाठवणारी. खोलीकडची बाजू करडी चालेल. उलट गडद विणीतून बाहेरचं जास्त स्पष्ट दिसतं. काचच गडद असेल तर परतणारं ऊन ती गिळते, फायदा घटतो. विणीतल्या छिद्रांचं प्रमाण म्हणजे ओपननेस: पूर्व-पश्चिमेला १ ते ३ टक्के, उत्तरेला ५. पश्चिमेला ५ टक्के घेतलं की मावळता सूर्य थेट डोळ्यांत.

चौकटीच्या आत बसवायचा तर रुंदी वर, मध्ये आणि खाली मोजा; सर्वांत लहान आकडा मिलिमीटरमध्ये द्या. तो चौकटीचा की ब्लाइंडचा, हेही लिहा. नाहीतर साइटवर १० मिमी वजा, कारखान्यात पुन्हा १० वजा, आणि कडेनं उन्हाची पट्टी टेबलावर. कापड आणि काच यांत निदान ५० मिमी अंतर ठेवा. एसीचा डिफ्यूझर, म्हणजे छतातली हवा सोडणारी जाळी, त्या फटीत सापडला तर थंड हवा काचेलाच मिळते. २ मीटरपुढे बारीक नळी मधोमध झुकते, कापडाला सुरकुत्या पडतात. जाड नळी मागा किंवा दोन ब्लाइंड करा.

ब्रॅकेट स्पिरिट लेव्हल लावूनच ठोका. तिरके बसले की कापड एका बाजूला सरकतं, कड घासून धागे सुटतात. लेव्हल बरोबर असूनही डावीकडे सरकत असेल तर कापड पूर्ण खाली सोडा, नळीच्या उजव्या टोकाला मास्किंग टेपचा तुकडा चिकटवा, गुंडाळून पाहा. कमी पडला तर त्यावरच दुसरा.

संध्याकाळी सगळे ब्लाइंड वर ओढायचे, हे हाउसकीपिंगच्या यादीत घाला. पश्चिमेला साधारण साडेबारापर्यंत थेट ऊन नसतं. तोवर काचेलगतची दिव्यांची ओळ बंद ठेवता येते, तिला वेगळं बटण असेल तर.