10 मिलिवॅटवर न दिसलेला बीम

पीएचडीच्या पहिल्या वर्षी मला वाटायचं, एकदा 10 मिलिवॅटवर अलाइनमेंट (आरसे-लेन्स जुळवून बीम हव्या वाटेने नेणं) जमली की लेसरचा नॉब फिरवून पॉवर वाढवायची, झालं. सहा वॅटला पोचले आणि टेबलाच्या कडेच्या काळ्या पुठ्ठ्यातून धूर निघाला. तिथे बीम असायचं काही कारणच नव्हतं!

कारण होतं. एका लेन्सवर परावर्तन रोखणारं कोटिंग नव्हतं. साध्या काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावरून साधारण 4 टक्के प्रकाश परत फिरतो. 10 मिलिवॅटवर ते झाले 0.4 मिलिवॅट. आमचा लेसर 1064 नॅनोमीटरचा, म्हणजे डोळ्यांना अदृश्य, आणि त्या कोपऱ्यात मी आयआर कार्ड (अदृश्य बीम पडला की चमकणारं कार्ड) फिरवलंच नव्हतं. सहा वॅटवर तोच बीम 240 मिलिवॅट झाला आणि लेन्सच्या वक्र पृष्ठभागामुळे नेमका पुठ्ठ्यावर एकवटला. दृश्य प्रकाशात निदान पापणी पाव सेकंदात मिटते, इथे तीही मिटत नाही. डोळा मात्र हा प्रकाश इमानेइतबारे पडद्यावर केंद्रित करतो.

म्हणून पॉवर वाढवायची म्हणजे टेबल पुन्हा पहिल्यापासून तपासायचं. मी 10 मिलिवॅट, 100 मिलिवॅट, 1 वॅट असे टप्पे घेते. दर टप्प्यावर प्रत्येक आरसा, लेन्स, क्यूब (बीम दुभागणारा काचेचा ठोकळा) यांच्या चारही बाजूंनी आणि वरूनही कार्ड फिरवायचं, भटका बीम सापडला की तिथेच अडवायचा. कंटाळवाणं आहे, पण 1 वॅटपर्यंत आले की दरवेळी एखादा नवा सापडतोच.

आता नॉबबद्दल. करंट बदलला की लेसरच्या क्रिस्टलमधली उष्णता बदलते, त्यामुळे बीमचा आकार आणि दिशाही थोडी सरकते. कमी करंटवर केलेली अलाइनमेंट मग वाया. त्यापेक्षा लेसर नेहमीच्या करंटवर तापू द्यावा आणि पुढे हाफ-वेव्ह प्लेट (प्रकाशाच्या ध्रुवणाची दिशा फिरवणारी) व पोलरायझिंग क्यूब (ध्रुवणानुसार बीम दोन वाटांना वाटणारा) लावून हवी तेवढीच पॉवर पुढे सोडावी. पण इथेच नवखे फसतात. पुढे 10 मिलिवॅट जात असतात, तेव्हा 10 वॅटच्या लेसरचे उरलेले जवळजवळ सगळे वॅट क्यूबच्या बाजूने बाहेर पडत असतात! तिथला बीम डंप (नको असलेला बीम शोषून घेणारा ठोकळा) आधी, प्लेट नंतर. "कमी पॉवरवर काम चाललंय" असं कोणी म्हणालं की मी अजूनही पहिल्यांदा त्या बाजूला बघते.

फायबरमध्ये (प्रकाश वाहून नेणाऱ्या काचेच्या बारीक तारेत) बीम घालायचा असेल तर आणखी सबुरी. सिंगल-मोड फायबरचा गाभा जेमतेम सहा मायक्रॉनचा. काही मिलिवॅटवर कपलिंग (बीम गाभ्यात शिरणं) पुरेसं चांगलं झाल्याशिवाय वॅटमध्ये जाऊ नका, नाहीतर टोक जळतं. पॉवर मीटरचंही तेच, कमी पॉवरचं फोटोडायोडचं डोकं काढून जास्त पॉवर झेलणारं थर्मल डोकं लावायला विसरलात तर महागात पडेल.

हे फक्त शिकाऊ लोकांचं काम नाही. गुरुत्वीय लहरी शोधणाऱ्या अमेरिकेतल्या लायगोमध्येही इंटरफेरोमीटर (दोन वाटांनी आलेल्या प्रकाशाची तुलना करणारं उपकरण) आधी दोनेक वॅटवर लॉक करतात, म्हणजे त्याचे आरसे नेमक्या अंतरावर स्थिर धरतात, मग पॉवर हळूहळू चढवतात. हिंगोलीच्या लायगो-इंडियात जायचं स्वप्न असेल, तर ही सवय आत्ताच लावून घ्या.

गॉगलवर कोरलेले आकडे वाचा. 532 नॅनोमीटरसाठीचा गॉगल 1064 अडवेलच असं नाही, आणि रंगावरून तर काहीच कळत नाही. अंगठी, घड्याळ दाराशी काढून ठेवा, त्यांवरून बीम उसळतो. खुर्चीत बसू नका, बसल्यावर डोळे बरोबर बीमच्या उंचीला येतात. अ‍ॅलन की खाली पडली तर आधी शटर (बीम अडवणारी झडप) बंद, मग वाका. आमच्या सीनियर ताईने शिकवलं होतं, "वर येताना डोळे मीट गं," आणि शटर बंद असलं तरी मी अजून मिटते.