इंदूरच्या घरी रसभरी कशी लावावी आणि केव्हा तोडावी

वांगी, टोमॅटो व मिरची यांच्याच कुळातील रसभरी मूळची दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वतराजीची असली, तरी माळव्याच्या हिवाळ्यात ती उत्तम फळते. अडचण येते ती आपल्या काळ्या मातीची, कारण पावसाळ्यात तिच्यात पाणी धरून राहते आणि मुळे कुजतात. म्हणून कुंडीत या मातीबरोबर वाळू व कुजलेले शेणखत मिसळावे, आणि जमिनीत लावायचे असल्यास उंच वरंब्यावर लावावे.

पूर्ण पिकलेल्या फळातील बिया धुऊन सावलीत वाळवाव्यात व जून-जुलैमध्ये रोपांसाठी पेराव्यात. साधारण महिन्याभराने चार-सहा पाने आलेली रोपे सुमारे 75 ते 90 सेंटीमीटर अंतरावर हलवावीत. खताचा मारा करू नये. नत्र जास्त झाले की झाड नुसते पानांनी माजते आणि फुले कमी येतात. फांद्या ठिसूळ असल्याने त्यांना काठीचा आधार द्यावा. मेक्सिकोतील टोमॅटिलोला (रसभरीसारख्याच आवरणातल्या हिरव्या फळाच्या झाडाला) फळ धरण्यासाठी दुसरे झाड जवळ लागते, तसे रसभरीचे नाही. तिला एकटे झाडही पुरते.

खरी काळजी तोडणीच्या वेळी घ्यावी. फुलाचा निदलपुंजच (पाकळ्यांखालचा हिरवा पेला) वाढून फळाभोवती कागदी आवरण होतो. त्यामुळे आत फळ कच्चे आहे की पिकलेले, हे बाहेरून लगेच कळत नाही. आवरण हिरवे असताना फळ मुळीच खाऊ नये, कारण कच्च्या फळात, पानांत व आवरणातही सोलॅनिनसारखी विषारी द्रव्ये असतात. आवरण गवती रंगाचे होऊन फळ आपोआप गळून पडले, की ते वेचावे. आत ते सोनेरी-नारिंगी दिसले पाहिजे. मुलांना ही ओळख आवर्जून शिकवावी, विशेषतः मंदसौर-नीमचकडे नातेवाईक असतील तर, कारण तिथे शेतोशेती असलेल्या अश्वगंधेलाही अशाच आवरणात लाल फळे लागतात आणि ती खाण्याची नव्हेत.

वेचलेली फळे आवरणासकट कोरड्या, हवेशीर टोपलीत ठेवल्यास काही आठवडे टिकतात. सोललेली मात्र लवकर खराब होतात. खाण्यापूर्वीच सोलून, अंगावरचा चिकटपणा जाईपर्यंत धुवावीत. मुरंब्यासाठी एक किलो फळांना पाऊण किलो साखर घ्यावी. फळातच पेक्टिन (मुरंबा घट्ट करणारे द्रव्य) भरपूर असल्याने ते वेगळे घालावे लागत नाही.