ग्वामान पोमाचं पत्र कसं वाचावं

पहिल्या पानापासून सुरुवात करू नका. पेरूतल्या फेलिपे ग्वामान पोमा दे आयाला या आदिवासी लेखकाने १६१५ च्या सुमारास स्पेनचा राजा तिसरा फिलिप याला लिहिलेलं हे पत्र जवळपास १२०० पानांचं आहे. स्पॅनिश ओबडधोबड, मध्येच केचुआ, म्हणजे तिथल्या आदिवासींची भाषा. सरळ वाचायला बसणारे बायबलमधल्या आदाम आणि नोहाच्या पानांतच दमतात.

आधी चित्रं बघा. पानभर आकाराची ३९८ चित्रं आहेत. १९०८ मध्ये ज्या कोपनहेगनच्या राजेशाही ग्रंथालयात हे हस्तलिखित उजेडात आलं, त्याच ग्रंथालयाने ते अख्खं इंटरनेटवर फुकट खुलं केलंय. पानांना दोन आकडे दिसतील : एक पोमाचा, दुसरा कंसातला, दुरुस्त केलेला. टिपणात दोन्ही लिहा, म्हणजे पान पुन्हा शोधताना घोळ होणार नाही.

मग थेट ६९४ [७०८] काढा. मधोमध गुडघे टेकून गयावया करणारा गरीब आदिवासी, भोवती सहा जनावरं. सर्प म्हणजे कोरेहिदोर, जिल्ह्याचा स्पॅनिश अधिकारी. सिंह म्हणजे आदिवासींकडून खंडणी वसूल करणारा एन्कोमेंदेरो. वाघ म्हणजे वाटेवरच्या धर्मशाळांत उतरणारे स्पॅनिश, कोल्हा पाद्री, मांजर सरकारी लेखनिक. आणि उंदीर? तो आदिवासींचाच मुखिया. या उंदरापाशी थांबा. पोमाने घरचे चोरही सोडले नाहीत, म्हणूनच मला त्याच्या साक्षीवर भरवसा वाटतो.

त्यानंतर पाद्र्यांचं प्रकरण घ्या. मागावर बसलेल्या बाईला लाथ घालणारा पाद्री तिथे नावानिशी आहे : मार्तीन दे मुरुआ. याच मुरुआच्या ग्रंथासाठी पोमाने पूर्वी चित्रं काढली होती, हे लक्षात ठेवून ते चित्र पुन्हा बघा. पेरूतल्याच वांकावेलिका गावच्या पाऱ्याच्या खाणींवरचा मजकूर मात्र सावकाश, शब्दन् शब्द वाचा. वेठीला धरलेली माणसं तिथे पाऱ्याच्या विषाने कशी मरत होती, ते तो राजाला सांगतोय.

शेवटी राजा विचारतो आणि पोमा उत्तर देतो, ती पानं. भेट काल्पनिक आहे, मागण्या मात्र रोखठोक. त्याला मिश्र वंशाची माणसं नको होती, त्यांच्याबद्दल तो कठोर लिहितो. मला ते अजिबात पटत नाही, पण तीही पानं गाळू नका.