एकसारख्या दिसणाऱ्या बुश क्रिकेटच्या जाती कशा ओळखाव्यात

रंगावरून बुश क्रिकेटची, म्हणजे कॅटिडिडची, जात ठरवू नका. बऱ्याच जातींत हिरवे आणि तपकिरी असे दोन्ही रंगांचे किडे असतात, आणि वाळलेल्या नमुन्याचा हिरवा रंग उडून जातो. जवळच्या जातींतला खात्रीचा फरक बहुधा पोटाच्या टोकाशी सापडतो.

जिवंत किडा पारदर्शक नळीत घालून पाच-दहा मिनिटे फ्रिजमध्ये ठेवा. तो सुस्तावला की 10 पट भिंगाने निवांत पाहता येतो. एकाच मागच्या पायाला धरलेत तर पाय तुमच्या हातात सोडून तो निसटेल.

आधी हा बुश क्रिकेटच आहे याची खात्री करा. केसासारख्या बारीक, बहुधा शरीराहून लांब मिशा, पावलाला चार खंड आणि नराचा डावा पुढचा पंख उजव्यावर. रातकिड्याच्या पावलाला तीनच खंड असतात आणि उजवा पंख वर असतो.

मग वय पाहा. आखूड पंख दिसले की पिल्लू, असा समज चुकीचा आहे. कित्येक जातींचे प्रौढही आखूड पंखांचे असतात. मोठ्या पिल्लांत मागच्या पंखांच्या कळ्या पुढच्यांवर चढलेल्या असतात, प्रौढांत पुढचे पंख वर. पिल्लू निघाले तर जातीचे नाव लिहायची घाई नको, कारण पुढची सगळी लक्षणे प्रौढांची आहेत.

मादीला पोटाच्या टोकाशी तलवारीसारखा चपटा अंडनिक्षेपक, म्हणजे अंडी घालायचा अवयव, असतो. तो बाजूने पाहा: सरळ की वर वळलेला? बुडापासून टोकापर्यंत सरळ रेषेत मोजा आणि मागच्या मांडीच्या लांबीशी गुणोत्तर काढा. नुसते मिलिमीटर फसवतात, कारण एकाच जातीत लहान-मोठे किडे निघतात. युरोपातल्या कोनोसेफॅलस फुस्कसचा अंडनिक्षेपक जवळजवळ सरळ, तर कोनोसेफॅलस डॉर्सॅलिसचा स्पष्ट वर वळलेला. डॉर्सॅलिसचे पंख सहसा आखूड असले तरी अधूनमधून लांब पंखांचे रूपही निघते; पंखांवर विसंबणारे नेमके तिथे चुकतात. शेवटी खालून जननपट्टिका, म्हणजे पोटाच्या टोकाखालची कडक पट्टी, पाहा. तिच्या मागच्या कडेची खाच आणि मधली घळ नोंदवा. वाळल्यावर पट्टिका आक्रसते, म्हणून ताजा किंवा 70 टक्के अल्कोहोलमधला नमुना बरा.

नरात सर्सी, म्हणजे पोटाच्या टोकाशी असलेली दोन आकडीसारखी उपांगे, हे पहिले लक्षण. ती थेट वरून पाहा. किडा थोडा जरी कलला तरी सर्सीच्या आतल्या बाजूचा दात आहे त्यापेक्षा पुढे किंवा मागे भासतो. हा दात बुडाशी, मध्यावर की टोकाशी आहे ते चित्र काढून लिहा. तेवढ्यानेही सुटले नाही तर पोटातले टिटिलेटर पाहावे लागतात. वाळलेला नमुना ओलसर बंद डब्यात रात्रभर ठेवून मऊ करा, जननपट्टिका सुईने हळूच खाली ओढा आणि हे कडक, बहुधा जोडीने असणारे काटे बारीक चिमट्याने बाहेर काढा. कोरड्या नमुन्यावर जोर केलात तर पोटाचे टोकच तुटते.

आयसोफ्यासारख्या बुश क्रिकेटच्या गटांत नराच्या डाव्या पंखाच्या खालच्या बाजूची, आवाज काढायची दातेरी शीर निर्णायक ठरते. ती सूक्ष्मदर्शकाखाली पाहा. एकूण दात मोजाच, पण मध्यभागी एका मिलिमीटरमध्ये किती बसतात तेही लिहा, कारण टोकांकडचे इतके बारीक होतात की प्रत्येकाची मोजणी वेगळी येते.

काही ठिकाणी मात्र एवढे खोलात जावे लागत नाही. टेट्टिगोनिया या वंशात व्हिरिडिसिमा जातीचे पंख मागच्या गुडघ्यांच्या बरेच पुढे जातात, कँटन्सचे साधारण गुडघ्यांपाशी संपतात, आणि कॉडाटाच्या मागच्या मांडीखालच्या काट्यांच्या बुडाशी काळे ठिपके असतात. नमुना मारायचा नसेल तर पूर्ण बाजूचा, अग्रवक्षाचा (डोक्यामागच्या भागाचा) वरून, पोटाच्या टोकाचा वरून आणि खालून असे चार फोटो घ्या. खालचा फोटो बहुतेकजण विसरतात, आणि मादीची ओळख बऱ्याचदा त्याच्यावाचून अडते.