लाल पट्टी दाखवणारा सी ड्राइव्ह मोकळा कसा करावा

मागच्या महिन्यात मावशीचा फोन आला. "लॅपटॉप जागा नाही म्हणतोय, सगळे फोटो काढून टाकू का गं?" मी तिला आधी थांबवलं. सी ड्राइव्ह भरला की बहुतेकांचा हात पहिल्यांदा फोटोंवर जातो. खरी जागा अडवणारी वस्तू मात्र बऱ्याचदा भलतीच असते, आणि उडवलेला फोटो परत मिळेलच असं नाही.

तिचा लॅपटॉप आपल्याकडे खूप विकला गेलेल्या जातीतला: 128 जीबीचा एसएसडी (छोटी पण वेगवान डिस्क) आणि सोबत 1 टीबीची हार्ड डिस्क. विंडोज एसएसडीवर, म्हणजे सी ड्राइव्हवर. कंपनी 1000 च्या पटीत मोजते आणि विंडोज 1024 च्या, त्यामुळे 128 चे तिथे 119 च दिसतात. हे 119 भरत आले होते आणि डी ड्राइव्ह, म्हणजे ती 1 टीबीची हार्ड डिस्क, जवळपास रिकामा होता.

आधी मोजा. सेटिंग्जमध्ये सिस्टिम आणि त्यात स्टोरेज उघडा. ॲप्स, डॉक्युमेंट्स, टेम्पररी फाइल्स यांनी किती जागा घेतली ते तिथे दिसतं. सगळ्यात मोठा आकडा कुठे आहे ते पाहा आणि तिथूनच सुरुवात करा.

मग टेम्पररी फाइल्सवर क्लिक करा. इथे एक धोका आहे: या यादीत 'डाउनलोड्स' हाही पर्याय असतो. त्यापुढे खूण असेल तर ती काढा, नाहीतर बँकेची स्टेटमेंट्स आणि मुलांच्या मार्कशीट्सही जातील. 'विंडोज अपडेट क्लीनअप' बिनधास्त निवडा. 'प्रीव्हियस विंडोज इन्स्टॉलेशन' दिसलं तर ते जुन्या विंडोजचं अख्खं बाड असतं, कितीतरी जीबींचं. 14 ऑक्टोबर 2025 रोजी विंडोज 10 चा नियमित सपोर्ट संपला. त्या सुमारास अनेकांनी विंडोज 11 घेतलं. ते नीट चालत असेल आणि मागे जायचं नसेल, तरच हे काढा. एरवीही 10 दिवसांनी विंडोज ते सहसा आपणहून काढतं. खुणा करून झाल्या की 'रिमूव्ह फाइल्स' दाबा.

आता डाउनलोड्स, पण स्वतःच्या डोळ्यांनी बघून. फोल्डर उघडून फाइल्स आकारानुसार लावा. मावशीकडे वर आले ते लग्नाचे व्हिडिओ, तेही दोनदा-तीनदा उतरवलेले, आणि कधीच इन्स्टॉल करून झालेल्या प्रोग्रामच्या सेटअप फाइल्स. नको ते डिलीट करा आणि रिसायकल बिनही रिकामा करा. बिनमध्ये पडलेली फाइल सी ड्राइव्हवरची जागा धरूनच असते.

सगळ्यात टिकाऊ उपाय म्हणजे डाउनलोड्सचं बिऱ्हाडच डी ड्राइव्हवर हलवणं. आधी डी मध्ये 'डाउनलोड्स' नावाचा नवा फोल्डर करा. मग जुन्या डाउनलोड्सवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज, लोकेशन, मूव्ह असं जा आणि तो नवा फोल्डर निवडा. फोल्डर न निवडता नुसता डी ड्राइव्ह निवडू नका. तसं केलं तर अख्खा डी ड्राइव्हच डाउनलोड्स होऊन बसतो आणि ते निस्तरणं फार कटकटीचं असतं. जुन्या फाइल्सही हलवायच्या का, असं विंडोज विचारेल. 'यस' म्हणा आणि हलवणं पूर्ण होईपर्यंत चार्जर काढू नका.

फोटो आणि व्हिडिओही डी वर न्या, पण कट-पेस्ट न करता कॉपी करा. तिथल्या चार-पाच फाइल्स उघडून पाहा, मगच मूळ प्रती काढा. डी हा काही बॅकअप नव्हे. मोलाच्या फोटोंची आणखी एक प्रत बाहेरच्या डिस्कवर हवीच.

विंडोज फोल्डरमधलं 'विनएसएक्सएस' (विंडोजच्या स्वतःच्या फाइल्सचा साठा) कितीही मोठं दिसलं तरी हातानं काही उडवू नका. त्यातल्या बऱ्याच फाइल्स दोन ठिकाणी दिसतात पण डिस्कवर एकदाच असतात, म्हणून तो आकडा फुगलेला असतो. हायबरनेशन (चालू काम डिस्कवरच्या एका मोठ्या फाइलमध्ये ठेवून लॅपटॉप बंद करण्याची सोय) बंद करून काही जीबी सोडवा, असा सल्लाही सर्रास दिला जातो. लॅपटॉपवर मी तो देत नाही. वीज नसताना बॅटरी संपत आली, तर सेव्ह न केलेलं काम वाचवायला विंडोज सहसा तीच फाइल वापरतं.

शेवटी स्टोरेजमध्येच 'स्टोरेज सेन्स' चालू करा, म्हणजे टेम्पररी फाइल्स वेळोवेळी निघत राहतील. त्यात डाउनलोड्ससाठी 'नेव्हर' ठेवा. मावशीच्या सी ड्राइव्हवर आता 31 जीबी मोकळे आहेत आणि तिचे सगळे फोटो शाबूत आहेत.