डिंकाशिवाय उभा राहणारा दीपस्तंभ: १:१०० चं चालतं मॉडेल

नागपुरातल्या विज्ञान प्रदर्शनांत दीपस्तंभ म्हटला की थर्माकोलचा लाल-पांढरा नळकांडा आणि वर लुकलुकणारा बल्ब. तो दिसतो छान, पण समुद्रातल्या खडकावर मनोरा का टिकतो हे त्यातून काहीच कळत नाही. खरा मनोरा दोन गोष्टींवर उभा असतो: वजन तळाशी, आणि प्रत्येक दगड शेजारच्याच्या कुशीत अडकलेला. म्हणून या मॉडेलमध्ये फेविकॉल, एम-सील, गरम गोंद यातलं काही वापरायचं नाही. चिकटवलं की खाचेतली चूक झाकली जाते आणि मॉडेलचा अर्थच जातो.

मापं कुठून घेतली ते आधी. उंची स्कॉटलंडजवळच्या बेल रॉक या खडकावरच्या दीपस्तंभाची: १८०७ ते १८१० मध्ये बांधलेला, १ फेब्रुवारी १८११ ला पेटलेला, सुमारे ३५ मीटर. हा खडक भरतीला पूर्ण बुडतो. तळाचा सुमारे ९ मीटर भाग भरीव आहे आणि दार त्याच्या वर आहे. पायाचा आकार मात्र इंग्लंडच्या एडिस्टन खडकावरच्या १८८२ च्या मनोऱ्यासारखा, म्हणजे उभा गोल ओटा आणि त्यावर जरा आत घेतलेला बुंधा. दगडांची कुलपं, म्हणजे एकमेकांत अडकणाऱ्या खाचा, इंग्लिश अभियंता जॉन स्मीटनच्या पद्धतीची. त्याने १७५९ मध्ये त्याच एडिस्टनवर मनोरा उभा केला होता. म्हणजे ही कोणा एकाची नक्कल नाही, तिघांकडून एकेक गोष्ट घेतली आहे.

सामान

ओपीसी (साधं पोर्टलँड) सिमेंट २ किलो, कन्हानची रेती ४ किलो. ही रेती १.१८ मि.मी.च्या चाळणीतून चाळून, दोनदा धुऊन घ्या. माती राहिली तर दगडाच्या कडा चुरतात. शेतीच्या पीव्हीसी पाइपचे तुकडे: १४० मि.मी.च्या पाइपाच्या १५ मि.मी. रुंद ४ चकत्या, ११० च्या २. पाइपाची आतली मापं जाडीप्रमाणे बदलतात, साधारण १३२ आणि १०३ मि.मी. मिळतात. विकत घेताना पट्टी लावून बघा. गाभ्यासाठी ३२ मि.मी.चा पाइप, २५ सें.मी. लांब. तेलाच्या रिकाम्या पिप्याचा पत्रा, जुनी एक्स-रे फिल्म, ग्रीस आणि ६ मि.मी. जाडीची ॲक्रिलिकची कांडी दीड फूट. पाइप आणि पत्राकामाचं सामान इतवारीत, दिव्याचं सामान बर्डीत मिळून जातं.

कुलपाचे दगड

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या.

प्रत्येक थरात नऊ दगड: मध्ये एक, त्याच्या चार बाजूंना त्यात अडकणाऱ्या चार किल्ल्या, आणि किल्ल्यांच्या मधल्या जागेत चार कोपरे. मधला दगड ३६ मि.मी. चौरस. त्याच्या प्रत्येक बाजूला मध्यभागी एक खाच: तोंडाशी ९ मि.मी., आत ६ मि.मी. खोल, तळाशी १४ मि.मी. म्हणजे पारव्याच्या शेपटीसारखी आत रुंद होत जाणारी. किल्लीची शेपटी त्यात बसली की ती बाहेर ओढता येत नाही. किल्लीचा दांडा २२ मि.मी. रुंद, आणि केंद्रापासून ३२ मि.मी. अंतरावर दोन्ही बाजूंना ४ मि.मी.चा कान काढून पुढे ३० मि.मी. रुंद.

या कानाकडे नीट बघा, सगळी गंमत तिथेच आहे. कोपऱ्याचा दगड बाहेर सरकायला लागला की एका किल्लीचा कान त्याला अडवतो. तो कान चुकवायला दगडाने आधी बाजूला सरकायला हवं, पण बाजूला सरकताना दुसऱ्या किल्लीचा कान आडवा येतो. दोन्हींपैकी कोणीही आधी वाट देत नाही. कान विसरून किल्लीच्या बाजू सरळ ठेवल्या, तर कोपरा बोटाने ओढला तरी हातात येतो.

हे दगड वेगवेगळे ओतून मग जुळवायला जाऊ नका, जुळत नाहीत. पाइपाची चकती काचेवर ठेवा आणि पत्र्याच्या १८ मि.मी. उंचीच्या पट्ट्या कागदी नकाशावर वाकवून आत उभ्या करा. मधल्या दगडाभोवतीची एक बंद पट्टी, आणि किल्ल्यांच्या बाजूंच्या आठ. सगळ्यांना ग्रीस. मग अख्खा थर एकदम ओता. पट्ट्या ३ मि.मी. वर राहतात, त्याच पकडून नंतर उपसायच्या. दोन दगडांत फट पत्र्याच्या जाडीइतकीच राहते.

मसाला वजनाने १:२, पाणी सिमेंटच्या वजनाच्या ०.४५ पट. म्हणजे ३०० ग्रॅम सिमेंटला ६०० ग्रॅम रेती आणि १३५ मि.ली. पाणी. कोरडा वाटला म्हणून वरून पाणी घालू नका, काच टेबलावर दोन मिनिटं हलकेच ठोका, मसाला बसतो. पट्ट्या कधी उपसायच्या? नख दाबल्यावर खूण उमटेनाशी झाली की लगेच. उन्हाळ्यात हे चार-पाच तासांत होतं, डिसेंबर-जानेवारीत आठ-दहा लागतात. उशीर झाला की पट्टी उपसताना कान तुटतो, आणि तुटलेला कान चिकटवून चालत नाही. थर पुन्हा ओता.

मे महिन्यात हे काम करत असाल तर एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा: ओतलेला थर कूलरसमोर ठेवू नका. आपल्याला गार वाटतं, पण तो वारा पृष्ठभागावरचं पाणी ओढून घेतो आणि संध्याकाळपर्यंत केसासारख्या भेगा येतात. संध्याकाळी ओता, वर ओलं पोतं आणि त्यावर प्लास्टिक टाका. दुसऱ्या दिवसापासून सात दिवस दगड पाण्याच्या बादलीत बुडवून ठेवा.

बादलीत टाकण्याआधी प्रत्येक दगडावर खिळ्याने क्रमांक कोरा: थर आणि जागा, जसं ३-क. सहा थरांचे चौपन्न दगड होतात, आणि एका थराचा कोपरा दुसऱ्यात नीट बसत नाही.

खुंट्या आणि वरचा बुंधा

थर एकावर एक ठेवताना प्रत्येक थर खालच्यापेक्षा ४५ अंश फिरवा, म्हणजे सांध्यावर सांधा येत नाही. केंद्रापासून ३८ मि.मी.वर, दर ४५ अंशांनी, ६.५ मि.मी.ची आठ आरपार भोकं पाडा. भोकं प्रत्येक किल्लीच्या आणि प्रत्येक कोपऱ्याच्या मधोमध येतात. एका सांध्याला विषम क्रमांकाच्या भोकांत चार खुंट्या, पुढच्या सांध्याला सम भोकांत. खुंटी १४ मि.मी. लांब, अर्धी खाली, अर्धी वर. लोखंडी खिळे वापरू नका. गंजलेलं लोखंड फुगतं आणि दगड आतून फोडतं. स्मीटनने थर जोडायला संगमरवराच्या खुंट्या घातल्या त्या काही हौसेसाठी नव्हत्या.

सहा थर झाले की ९ सें.मी. भरीव भाग तयार. त्यावरचा २१ सें.मी. बुंधा पोकळ. एक्स-रे फिल्म गुंडाळून खाली १०० आणि वर ५० मि.मी. व्यासाचा शंकू करा, मध्ये ग्रीस लावलेला ३२ चा पाइप उभा करा, आणि ७ सें.मी.चे तीन टप्पे ओता. दोन टप्प्यांत तेलकट कागदाचं कडं ठेवा, म्हणजे मजले सुटे निघतात. गाभ्याचा पाइप दर अर्ध्या तासाने जरा फिरवत राहा, नाहीतर तो कायमचा आत राहतो. भिंत खाली ३४ आणि वर ९ मि.मी. येते. खऱ्या मनोऱ्यातही भिंत वर जाताना अशीच पातळ होते. सगळं मिळून वजन चार किलोच्या आसपास, आणि त्यातलं निम्म्याहून जास्त खालच्या ९ सें.मी.त. दार बुंध्याच्या तळाशी, लाटांच्या विरुद्ध बाजूला. वायर तिथूनच बाहेर काढा.

खडक आणि समुद्र

खडक काँक्रीटचा, साधारण ३० सें.मी. लांब-रुंद, ८ सें.मी. उंच, वरून गिट्टी खोचून ओबडधोबड. मधोमध १४० च्या पाइपाचा तुकडा दाबून १५ मि.मी. खोल गोल खळगा करा. पहिला थर या खळग्यात बसतो आणि कडेच्या फटीत मसाला भरायचा. पूर्ण मॉडेलमध्ये सांध्यात मसाला लागतो तो एवढाच. खळग्याचा तळ लेव्हल लावून सपाट करा. तळाशी १ मि.मी.चा फरक राहिला तर टोक अडीच मि.मी. कलतं.

पाण्यासाठी ८ फूट लांब, दीड फूट रुंद प्लायची पेटी, आत जाड मेणकापड. भरतीची पातळी १२ सें.मी., ओहोटीची साडेसात. भरतीत सुमारे १३० लिटर पाणी बसतं, म्हणजे १३० किलो. शाळेच्या बाकावर ही पेटी ठेवू नका, जमिनीवरच मांडा. एका टोकाला बिजागरीवर हलणारी फळी, दुसऱ्या टोकाला गिट्टीचा उतार आणि त्यावर नारळाचा काथ्या. काथ्या नसला की लाट भिंतीवर आपटून परत येते आणि नुसती खळबळ होते.

फळी सेकंदाला एकदा हलवा. मॉडेल शंभरपट लहान असलं की वेळ दहापट लहान होते, म्हणून समुद्रातली १० सेकंदांची लाट इथे १ सेकंदाची. हाच हिशेब बांधकामाला लावा. बेल रॉकवर सुरुवातीला एका ओहोटीत जेमतेम दोन तास काम व्हायचं. पेटीत ते १२ मिनिटं होतात. घड्याळ लावा, पाणी साडेसातवर आणा आणि पहिला थर १२ मिनिटांत बसवून मसाला भरून दाखवा. वेळ संपली की पाणी चढवायचं. अपुरा मसाला धुऊन जातो, आणि मुलांना ओहोटी म्हणजे काय ते तिथे कळतं.

पायाचा प्रयोगही करा. आधी उभ्या ओट्यावर लाटा सोडा आणि पाणी किती वर चढतं ते पट्टीने मोजा. मग ओट्याभोवती शाडूच्या मातीचा बाहेर पसरणारा वळणदार उतार लावून पुन्हा मोजा. स्मीटनच्या वळणदार बुंध्यावरून लाटा वर चढायच्या, म्हणून १८८२ च्या मनोऱ्याला उभा ओटा दिला. स्मीटनचा मनोरा स्वतः पडला नाही, त्याखालचा खडक लाटांनी पोखरला. वरचा भाग उतरवून प्लिमथला पुन्हा उभारला, बुंध्याचा खुंट अजून खडकावर आहे.

कुलपांची परीक्षा पाण्यात होत नाही, कारण वरचं वजन दगडांना दाबून ठेवतं. त्यासाठी एक जादा थर भाकरीच्या चतकोरांसारखा सरळ कापांचा ओता. दोन्ही थर टेबलावर ठेवून एकेका दगडाला दोरा बांधा आणि सामानाच्या काट्याने ओढा. सरळ कापाचा तुकडा सुटून येतो. कुलपाचा दगड ओढला की अख्खा थर सरकतो.

दिवा

५५५ आयसी (ठरावीक वेळाने चालू-बंद करणारी चिप), ४ पेन्सिल सेल. पहिला रोध (रेझिस्टर) ६८० किलोओहम, दुसरा ६८ किलोओहम, धारित्र (कपॅसिटर) १० मायक्रोफॅरड. एलईडी आउटपुट आणि धन टोकाच्या मध्ये, २२० ओहमच्या रोधातून जोडा. साधारण पाच सेकंद अंधार आणि अर्धा सेकंद झोत मिळतो. एलईडी आउटपुट आणि ऋण टोकात जोडली तर नेमकं उलटं होतं: पाच सेकंद उजेड आणि क्षणभर अंधार. ही चूक फार होते. साध्या एलईडीचा उजेड टोकातून सरळ आभाळात जातो, तो आडवा पसरायला हवा. टोकाच्या घुमटात ४ मि.मी.च्या ड्रिलने हाताने उथळ खळगा पाडा. वर औषधाच्या पारदर्शक बाटलीचा तुकडा आणि पत्र्याचं टोपण.

खरा दिवा ३३ मीटर उंचीवर असेल आणि बघणाऱ्याचा डोळा पाण्यापासून ४ मीटरवर, तर तो किती दुरून दिसेल हे काढायला दोन्ही उंचींची वर्गमुळं मिळवून २.०८ ने गुणा: सुमारे १६ सागरी मैल, म्हणजे ३० कि.मी. बर्डीहून जवळपास बुटीबोरीपर्यंतचं अंतर. दीपस्तंभ उंच बांधतात ते पृथ्वीच्या गोलाईमुळे.

रोजची निगा

सकाळी स्टॉपवॉचने दहा झोत मोजून वहीत लिहा. खलाशी दिवा ओळखतो तो झोतांच्या वेळेवरून, त्यामुळे वेळ ढळलेला दिवा विझलेल्या दिव्यापेक्षा घातक. दिव्याची काच आधी मऊ कुंचल्याने झटका, मगच ओल्या सुती कापडाने पुसा. थेट पुसली तर आपल्याकडची धूळच तिच्यावर ओरखडे काढते. मोठी भिंगं असलेल्या दीपस्तंभांत दिवसा पडदे ओढून ठेवत, कारण भिंग उजेड बाहेर फेकतं तसंच उन्हाला आत एका जागी गोळा करून आग लावू शकतं.

पेटीतलं पाणी चार दिवसांवर ठेवू नका, डास होतात. प्रदर्शन संपलं की वरून खाली क्रमाने दगड उतरवा, खुंट्या वेगळ्या डबीत ठेवा आणि सगळे दगड दोन दिवस सावलीत वाळवून, थरावार वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवा. ओले गुंडाळले तर पांढरा क्षार फुटतो आणि त्याखाली कोरलेले क्रमांक वाचता येत नाहीत.