कूलरच्या घरघरीतही डायलॉग ऐकू यावेत म्हणून व्हीएलसी नीट कसं वापरायचं

एप्रिल-मे मध्ये नागपुरात दुपारी बाहेर निघायचं नावच नाही, पारा ४५ च्या आसपास, मग पडदे ओढायचे, कूलर फुलवर करायचा अन् लॅपटॉपवर पिक्चर लावायचा. पण कूलर असा घरघरतो की डायलॉग ऐकूच येत नाही, अन् आवाज वाढवावा तर पुढच्याच मिनिटाला फायटिंग येते अन् सगळं घर दणाणतं. यावर बहुतेक लोक काय करतात, तर रिमोटसारखं माऊस हातात धरून अख्खा पिक्चरभर आवाज खालीवर करत राहतात. काही गरज नाही ना, व्हीएलसीमध्येच सोय आहे.

व्हीएलसी म्हणजे तो नारिंगी शंकूवाला प्लेअर. १९९६ मध्ये पॅरिसच्या एका इंजिनीअरिंग कॉलेजातल्या पोरांनी याची सुरुवात केली, अजूनही फुकट आहे अन् जाहिराती नाहीत. डाउनलोड मात्र व्हिडिओलॅनच्याच, म्हणजे व्हीएलसी बनवणाऱ्या संस्थेच्याच, साइटवरून करा, सर्चमध्ये दिसलेल्या कुठल्याही भलत्या साइटवरून नको. खालचे शॉर्टकट विंडोजवरचे आहेत.

आता आवाजाचं. व्हीएलसीचा व्हॉल्यूम १२५ टक्क्यांपर्यंत जातो, लोक तो तिथं नेऊन ठेवतात अन् लॅपटॉपचे बारके स्पीकर फाटल्यासारखे वाजतात. त्यापेक्षा हे करा:

१. पिक्चर सुरू असताना कंट्रोल अन् ई दाबा, इफेक्ट्सची खिडकी उघडेल.
२. ऑडिओ इफेक्ट्समध्ये कॉम्प्रेसर टॅबवर जा अन् एनेबलवर टिक करा.
३. थ्रेशोल्ड खाली आणा, उणे २० च्या जवळपास, अन् मेकअप गेन थोडा थोडा करत १२ पर्यंत वर न्या.
४. सेव्ह दाबून बंद करा.

याने होतं असं की मोठे आवाज दाबले जातात अन् मग सगळंच थोडं वर उचललं जातं, म्हणजे कुजबूज पण ऐकू येते अन् बंदुकीने कोणी दचकत नाही. आकडे माझ्या कानाचे आहेत, तुम्ही तुमच्या कूलरप्रमाणे बघा. गाणी ऐकताना मात्र हे बंद ठेवा, गाण्याची सगळी मजा जाते.

दुसरी कटकट सबटायटलची. ओळ आधी दिसते अन् हिरो नंतर बोलतो, अशा वेळी एच दाबत राहा, ओळ मागे मागे सरकते. उलटं असेल, म्हणजे ओळ उशिरा येत असेल, तर जी. एका दाबण्यात ५० मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाचा विसावा भाग, त्यामुळे फरक चार-पाच सेकंदांचा असला तर बोट दुखून जाईल. तिथं वेगळी युक्ती आहे: डायलॉग कानावर पडला की शिफ्ट-एच, तीच ओळ स्क्रीनवर दिसली की शिफ्ट-जे, मग शिफ्ट-के, झालं काम. ब्लूटूथ स्पीकरवर आवाज ओठांच्या मागे पडत असेल तर नुसतं जे दाबा, आवाज पुढे येतो, जास्त झालं तर के.

सबटायटलची फाइल वेगळी असेल तर तिला पिक्चरचंच नाव द्या अन् त्याच फोल्डरमध्ये ठेवा, आपोआप लागते.

पुढे-मागे करायला ती खालची पट्टी ओढू नका, तीन तासांच्या लग्नाच्या व्हिडिओत माऊस जरा हलला की हळदीवरून सरळ पाठवणीवर जाता. शिफ्टसोबत बाण दाबला तर ३ सेकंद, ऑल्टसोबत १० सेकंद, कंट्रोलसोबत १ मिनिट. वेळच माहीत असेल तर कंट्रोल-टी दाबून ती वेळ टाका. त्या व्हिडिओत मावशीचा चांगला चेहरा पकडायचा असेल तर पॉज करून ई दाबत एकेक फ्रेम पुढे जा अन् शिफ्ट-एस, फोटो पिक्चर्स फोल्डरमध्ये पडतो.

लग्नातल्या संगीतसाठी डान्स बसवणाऱ्यांनी व्ह्यू मेनूतून अॅडव्हान्स्ड कंट्रोल्स सुरू करावेत. तिथं ए-बी लिहिलेलं बटण येतं, स्टेप सुरू होते तिथं एकदा दाबायचं, संपते तिथं परत, मग तेवढाच तुकडा फिरत राहतो, तिसऱ्यांदा दाबलं की सुटतो. सोबत चौकोनी कंसाची की, उघडा कंस दाबला की स्पीड जरा कमी, बंद कंस दाबला की जरा जास्त, अन् बरोबरचं चिन्ह दाबलं की नॉर्मल. क्लासचे रेकॉर्ड केलेले लेक्चर बघणारी पोरं याच कीने दीडपट स्पीडवर बघतात, सर हळू बोलणारे असतील तर वेळ खरंच वाचतो.

अन् हे सगळं दाबूनही काहीच होत नसेल तर कीबोर्ड मराठीवर राहिला आहे का ते बघा, अक्षरांचे शॉर्टकट तिथं चालत नाहीत, विंडोज अन् स्पेसबार दाबून इंग्लिशवर घ्या.